हत्ताच्या डोंगरातला वाटाड्या

गेल्या अंकात या पानावर मी नव्हतो. संपादकांचा फोन आला तेव्हा ‘मुलाकडे दुबईला आहे, या वेळी जमणार नाही’ एवढेच सांगितले. ते खरे होते, पण पुरते खरे नव्हते. तिकडे लिहायला वेळ भरपूर होता. जे लिहायचे होते त्याची लाज वाटत होती. आता बीबीला परत येऊन महिना झाला, हरभरा घरात आला, रमजान तोंडावर आहे. म्हटले, आता लिहून मोकळे व्हावे.

गोष्ट सायकलीची आहे. आमच्या लहानपणी बीबीच्या स्टँडजवळ भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. तासाचे पैसे आधी मोजून घेत आणि पाटीवर वेळ लिहीत. नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत मी शिकलो. नोकरी लागली ती शेजारच्या गावच्या शाळेत. मधला रस्ता अर्धा मुरमाचा, अर्धा गाडरस्ता, आणि पावसाळ्यात तर नुसता चिखल. बावीस इंची काळी सायकल घेऊन मी त्या रस्त्याने कितीतरी वर्षे गेलो-आलो. पुढे मोटारसायकल आली, पोट आले आणि बावन्नाव्या वर्षी शुगर आली. पण सायकलीचा अभिमान काही गेला नाही. उतरलेला पहिलवान जसा जुन्या कुस्त्या सांगतो तसा मी तो रस्ता नातवंडांना सांगत असतो.

थोरला मुलगा शारजात एअर कंडिशनरच्या कामावर आहे. तिथे त्याला सायकलीचे वेड लागले. दुबईबाहेर अल कुद्रा नावाच्या भागात वाळवंटातून फक्त सायकलींसाठी बांधलेला 80 किलोमीटरहून लांब रस्ता आहे. एका पहाटे त्याने मला तिथे नेले. गुळगुळीत डांबर, दोन्ही बाजूंना वाळू, मोटारगाडी एकही नाही. मी दहा-बारा किलोमीटर सहज चालवली. आणि तिथेच माझ्या डोक्यात हवा गेली.

त्या रात्री मुलगा म्हणाला, “अब्बा, शुक्रवारी हत्ताला येता का? डोंगरात माउंटन बाइक चालवायची. गाइड असतो बरोबर.” (घरात आम्ही दख्खनी-वऱ्हाडी मिसळून बोलतो, इथे मराठीत लिहितो.)

मी म्हटले, “सायकलीला गाइड कशाला? मी काय नवरी आहे, हात धरून न्यायला?”

सूनबाई हसली. नऊ वर्षांची नात म्हणाली, “दादा, मीपण येणार बघायला.” झाले. आता माघार कशी घेणार?

हत्ता हे दुबई शहरापासून सुमारे 130 किलोमीटरवर, ओमानच्या सरहद्दीला लागून आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग येते. हत्ताचे वाळवंट तसे नाही. तिथे हजर पर्वताच्या उघड्या, काळपट-तपकिरी रांगा आहेत. गवताची काडी नाही. मधूनमधून बाभळीच्या जातीची काटेरी झुडपे आणि खाली कोरडी पात्रे. त्या पात्राला अरबीत ‘वादी’ म्हणतात. कोर्टातला वादी नव्हे, आपल्या उन्हाळ्यातल्या नाल्यासारखे समजा. पाऊस क्वचित होतो, पण झाला की तेच कोरडे पात्र घटकाभरात दुथडी भरते. म्हणून तिथे कोणी वादीत तंबू ठोकत नाही. या डोंगरांचा बराच भाग एके काळी समुद्राच्या तळाखालचा खडक होता. जमिनीच्या ढकलाढकलीत तो वर आला. आमचा खडक लाव्हारसाचा, त्यांचा समुद्रतळाचा. तरी हातात दगड घेतला तेव्हा काळेपण ओळखीचे वाटले.

या डोंगरांत सायकलींसाठी मुद्दाम वाटा काढल्या आहेत, सगळ्या मिळून 50 किलोमीटरहून जास्त. वाटांना रंग दिलेले आहेत: हिरवी सोपी, निळी त्याहून अवघड, लाल आणखी अवघड आणि काळी वाट ज्यांना हाडांची पर्वा नाही त्यांच्यासाठी. (शेवटचे वर्णन माझे आहे.) बाइक म्हटले की आपल्याकडे मोटारसायकल आठवते, ही मात्र पायडल मारायचीच, फक्त टायर जाड आणि खाचांचे, पुढच्या चाकावर शॉक, डिस्क ब्रेक आणि भरपूर गियर.

फजरची नमाज पढून आम्ही निघालो. नाश्ता तिथे पोचून करू असे ठरले. मी मात्र सवयीप्रमाणे पाण्याच्या घोटाबरोबर शुगरची गोळी घेतली. हे लक्षात ठेवा.

आमचा गाइड पोखऱ्याकडचा नेपाळी तरुण होता, पंचविशीचा. हिंदी चांगली बोलत होता. त्याने एक कागद पुढे केला: वय, वजन, शेवटची सायकल कधी चालवली, काही आजार, काही औषध. मुलगा गाडीतून सामान काढत होता. नात शेजारी उभी होती. ‘आजार’ या शब्दापुढच्या चौकटीत मी ‘नाही’वर खूण केली. औषधापुढेही ‘नाही’. खाली सही केली.

का केली, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारले. मनात हिशेब असा होता की, शुगर लिहिली तर हा पोरगा मला हिरव्या वाटेवर एक फेरी मारून आणेल, पाठ थोपटेल आणि म्हणेल, अंकल, बस. नातीसमोर. पस्तीस वर्षे मी मुलांना खोटे बोलू नका म्हणून शिकवले. एक खूण करायला मला पळभरही लागला नाही.

आणि नाश्ता? गाइड म्हणाला, ऊन चढण्याआधी निघू. मी म्हटले, चला, येऊन खाऊ.

त्याने आधी मोकळ्या जागेत अर्धा तास शिकवले. मला वाटत होते, मला काय शिकवणार! पण त्याने पहिल्यांदाच माझ्या चाकाची हवा सोडली तेव्हा मी गप्प झालो. आमचा दुकानदार टायर दगडासारखा होईपर्यंत पंप मारायला लावायचा. हा म्हणाला, टायर थोडा मऊ हवा, म्हणजे तो पसरतो, खडीला धरतो, नाहीतर दगडावरून उसळतो. त्या टायरात ट्यूबच नव्हती. आत दुधासारखे पातळ रसायन असते; काटा घुसला की ते भोकापाशी जाऊन थिजते. हे ऐकून मला बीबीच्या बाभळी आणि आयुष्यभर काढलेली पंक्चरे आठवली.

मग ब्रेक. एकाच बोटाने धरायचा. पुढचा ब्रेक उतारावर कचकन दाबला की माणूस हँडलावरून पुढे जातो. उतारावर सीटवर बसायचे नाही; दोन्ही पायडल सारख्या उंचीवर ठेवून उभे राहायचे, गुडघे सैल, कंबर मागे. वाळू लागली तर हलका गियर टाकायचा, अंग थोडे मागे घ्यायचे, हँडल वळवायचे नाही आणि पाय थांबवायचे नाहीत. पाय थांबले की चाक रुतले. आणि दगडाकडे बघायचे नाही. जिथे जायचे तिकडे बघायचे. दगडाकडे बघितले की सायकल बरोबर दगडावर जाते. हे मी चारदा करून बघितले, चारही वेळा गेली.

पाण्याचा त्याचा नियम कडक होता. दर वीस मिनिटांनी थांबून प्रत्येकाची बाटली तो स्वतः बघे. वाळवंटात हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, आला तसा उडून जातो. माणसाला वाटते आपण घामेजलोच नाही. तहान लागायची वाट बघायची नाही. आणि जिथे अर्धे पाणी संपेल तिथून मागे फिरायचे, मग शेवट कितीही जवळ असो. मुलगा म्हणाला, एकदा याने पाच जणांच्या गटाला टेकडीच्या माथ्यापासून शंभर पावलांवरून परत फिरवले होते.

हिरवी वाट मी झकास पार केली. वादीतली वाळू, मग खडी, मग डोंगराच्या कडेने वळत जाणारी हातभर रुंदीची पायवाट. खाली धरणाचे निळे-हिरवे पाणी, वर आभाळ, मध्ये मी. मला शाळेचा रस्ता आठवला. सुभानअल्लाह, इतके हलके मला कितीतरी वर्षांत वाटले नव्हते. गाइड म्हणाला, अंकल, छान चालवता, निळी वाट घेऊ या का? मी म्हटले, हे काय विचारणे!

निळ्या वाटेच्या दुसऱ्या चढावर हात थरथरायला लागले. मला वाटले, खडीमुळे हँडल हलते आहे. मग भूक लागली, अशी की पोटात खड्डा पडावा. मागून मुलाने काही विचारले, त्याच्यावर मी खेकसलो. हेल्मेटखाली गार घाम आला. गियर बदलायचा तर कुठले बटण वर आणि कुठले खाली, हे आठवेना. गाइडने मागे वळून बघितले आणि सायकल आडवी टाकून माझ्याकडे पळत आला. नंतर तो म्हणाला, चढावर गियर न बदलता माणूस ढकलत राहिला की मी ओळखतो, याचे डोके चालत नाही.

त्याने मला एका खडकाच्या सावलीत बसवले. हेल्मेट काढले, मानेवर पाणी ओतले, पाणी पाजले. विचारले, “अंकल, शुगर वगैरे?”

मी म्हणालो, “नाही.”

दुसऱ्यांदा. या वेळी नात जवळ नव्हती, कोणीच नव्हते. जीभ आपोआप हलली.

त्याने ते खरे मानले. का नाही मानणार? माझी सही होती त्याच्याकडे. म्हणून ऊन लागले असे समजून तो पाणी देत राहिला, वारा घालत राहिला. पाण्याने साखर चढत नाही. मागे राहिलेला मुलगा चढ चढून येईपर्यंत सात-आठ मिनिटे गेली. त्याने माझा चेहरा बघितला आणि एकच विचारले, “अब्बा, सकाळी गोळी घेतली ना? आणि खाल्लं काय?”

गाइड काही बोलला नाही. पाठपिशवीतून फळांच्या रसाचा छोटा पुडा काढला, नळी टोचून माझ्या तोंडाला लावला. घड्याळ बघितले. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारपूस केली, मग दोन खजूर आणि बिस्किटे खायला घातली. हळूहळू डोंगर पुन्हा जागेवर आला. बटण कुठले ते आठवले. आणि लाज वाटायला लागली.

मी त्याला म्हटले, माफ कर बेटा. लिहिले असते तर तू आणले नसतेस.

तो म्हणाला, “का नसतं आणलं? नाश्ता करून निघालो असतो. चढाआधी एक थांबा जास्त घेतला असता. रस वरच्या खिशात ठेवला असता. वाट हीच.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. ज्या भीतीने मी खोटी सही केली ती भीतीच खोटी होती.

सायकली हाताने ढकलत आम्ही खाली आलो. नातीने विचारले, “दादा, पडलात का?” मी तिला सगळे सांगितले. चौकटीतल्या खुणेसकट.

त्या रात्री मला झोप आली नाही. हिजरतचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. सौर गुहा आणि सुराकाच्या घोड्याचे पाय वाळूत रुतणे आपल्याला तोंडपाठ असते. त्यातला वाटाड्या मात्र आपण पटकन ओलांडून जातो. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) यांनी मदीनेच्या वाटेसाठी अब्दुल्लाह बिन उरैकित या माणसाला मजुरीवर ठरवले होते. तो मुसलमान नव्हता, कुरैशांच्याच धर्मावर होता. पण वाळवंटातल्या वाटांचा पक्का जाणकार. अशा माणसाला अरबीत ‘खिर्रीत’ म्हणतात. दोन्ही सांडण्या त्याच्या हवाली केल्या आणि सांगितले, तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी घेऊन ये. तो ठरल्या वेळी आला आणि नेहमीची वाट सोडून समुद्रकाठाच्या वाटेने त्यांना घेऊन गेला.

मी हे वर्गात कितीदा सांगितले असेल. त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आले की गुहेचा पत्ता त्याला ठाऊक होता. मक्केत शंभर उंटांचे इनाम लागले होते, आणि ज्याच्या एका शब्दावर सगळे संपले असते त्याला ठिकाण, दिवस, सगळे खरे सांगितलेले होते. वाटाड्या ठरवला तर त्याला वाट काढण्यापुरते सगळे द्यावेच लागते. मी तर एक गोळी लपवली होती.

परत आल्यावर डॉक्टरांना सांगितले. त्यांनी आधी कानउघाडणी केली, मग समजावले. ते वाचकांच्या घरीही कामाचे आहे, म्हणून लिहितो. शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटे घेत असाल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी. पण ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन शरीरातली साखर खाली आणतातच, तुम्ही खा अथवा न खा. त्यावर अंगमेहनत झाली की ती आणखी उतरते. 70च्या खाली गेली की हात थरथरणे, गार घाम, धडधड, भूक, चिडचिड, मग गोंधळ आणि शेवटी शुद्ध हरपणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात किंवा अर्धा पेला गोड रस, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासणी, कमीच असेल तर पुन्हा तेवढेच. आणि सावरल्यावर पोटभर काही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतायचे नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

रमजानचे आणखी एक. रोजे ठेवायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यावी लागते. स्वतःच्या मनाने नाही. रोज्यात बोटाला सुई टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही असे उलेमांचे मत आहे, पण आपल्याकडे त्याच भीतीने कोणी तपासत नाही. आणि साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा, असे डॉक्टर सांगतात. आजाऱ्याला ती सवलत कुरआनने दिलेली आहे. आमच्या मोहल्ल्यात दोन रमजानपूर्वी एक आजोबा असरच्या वेळी मशिदीच्या पायरीवर कोसळले होते. घरच्यांनाही त्यांची शुगर ठाऊक नव्हती. तेव्हा मी त्यांना मनातून नावे ठेवली होती.

आता मी जाड टायरची, गियरवाली सायकल घेतली आहे, जुनीच, पण ठीक आहे. रविवारी सकाळी पुतण्याची दोन मुले आणि त्यांचे मित्र घेऊन गाडरस्त्याने निघतो. तुरीची वाळकी शेते, बरड माळ, मुरूम. हत्ताइतका नसला तरी उन्हाळ्यात आमचा माळही कोरडा ठणठणीत असतो आणि बाभळीचे काटे आमचे जास्त तिखट. हवा थोडी कमी ठेवतो. दर वीस मिनिटांनी बाटल्या बघतो, पोरे कंटाळतात. मार्चच्या आत एकदा लोणारला जायचे ठरवले आहे. आमचाच तालुका, पण या मुलांनी ते विवर शाळेच्या सहलीतच पाहिले. उल्केच्या धडकेने काळ्या खडकात पडलेले, पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंदीचे ते भोक. त्यातल्या तळ्याचे पाणी 2020च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा जगभर फोटो फिरले होते. काठापर्यंत सायकली, पुढे आत जायचे तर पायी. ते अभयारण्य आहे.

हे कळल्यावर माझे जुने सहकारी गुरुजी, वय बासष्ट, म्हणाले, “मीबी येतो सर. सायकल आहे माझ्याकडे.”

मी वही उघडली. आता मी नावे लिहून घेतो. वय लिहिले, आणि विचारले, “गुरुजी, काही आजार? काही गोळ्या?”

“छे! मले काय झालं?” ते म्हणाले आणि छातीवर थाप मारली. शर्टाच्या खिशात गोळ्यांचे पाकीट चुरचुरले.

मी पेन खाली ठेवले आणि घरात आवाज दिला, “चहा टाका. बिनसाखरेचा एक.”

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच खिशात हात घातला.